पेन्सिलीचा शेरा

देवानं माणसाला जीव एकच का दिला, वर जास्तीचे दोन का नाही दिले, याबद्दल देवाशी मनापासून भांडण असलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या वन्संचा धाकटा दीर. नातं लांबचं वाटेल, पण घर लांब नाही; पूर्णेत आमच्याच गल्लीत, आमच्यापासून तिसरं दार. वन्सं आणि त्यांचे यजमान नोकरीपायी लातूरला गेले ते तिकडचेच झाले, आणि इथं राहिली वन्संची सासू आणि हे शेंडेफळ. नणंदेच्या सासरचा माणूस, म्हणजे मी त्याला खरं तर अहो-जाहो करायला पाहिजे. पण शाळेच्या चड्डीत असल्यापासून जो माझ्या ओट्यावरची शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटून पळायचा, त्याला अहो म्हणताना माझीच जीभ अडखळते. तो मला वहिनी म्हणतो, मी त्याला अरे बाबा म्हणते, आणि आमचं बरं चाललेलं असतं. म्हणजे चाललेलं होतं. ते पुढं येईलच.

तर जिवाचं सांगत होते. या माणसाचा कुठल्याही एकट्या वस्तूवर भरवसा म्हणून नाही. चष्मे तीन: एक नाकावर, एक आमच्या फळीवर हळदीच्या डब्यामागे, एक स्टेशनासमोरच्या चहावाल्याकडे. घराच्या किल्ल्या तीन घरांत. आईच्या गोळ्यांची चिठ्ठी तीन सदऱ्यांच्या खिशांत, आणि धुणं निघालं की तिन्ही चिठ्ठ्यांचा लगदा एकदम. निरोप द्यायचा तर तिघांकडून देणार. काही खरं-खोटं करायचं तर तिघांना विचारणार, आणि दोघांचं जुळलं की ते खरं मानून मोकळा होणार. एकदा माझे डोळे दाखवायला आम्ही नांदेडला निघालो. गाडी समोर उभी. गाडी म्हणजे काही सुई नव्हे, कुणालाही दिसते. पण यानं हमालाला विचारलं, "ही नांदेडची ना?" हमाल म्हणाला, "न्हाई, अकोल्याकडची." मग चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बसा की, नांदेडचीच हाय." मग माझ्याकडे वळला, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" मला तर गाडीवरची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती, त्यासाठीच निघालेली मी; पण ज्याला दिसत नाही त्याला ठाम बोलायची सवय असते. म्हटलं, "नांदेडचीच." दोन विरुद्ध एक. बसलो. वसमत आलं तेव्हा कळलं. उतरलो, उलट्या गाडीची वाट बघत तीन तास फलाटावर शेंगा खाल्ल्या. मी मनातून ओशाळलेली, आणि हा मलाच समजावतोय, "वहिनी, पद्धत बरोबर होती. दोघं चुकले, त्याला पद्धत काय करणार?"

हे वेड त्याला धंद्यातून लागलं, की वेड होतं म्हणून तो त्या धंद्यात गेला, हे मला ठरवता आलेलं नाही. पुण्यात एका कंपनीत वेबसाइट बनवायचा. आईचे गुडघे गेले तसा घरी आला आणि इथूनच काम करायला लागला. वेबसाइटचं दिसतं तोंड दुसरे कुणी रंगवायचे, हा आतलं कोठार सांभाळायचा. माणसं पान उघडतात, नाव लिहितात, फोटो टाकतात, ते सगळं जाऊन बसतं कुठं? त्या जागेला डेटाबेस म्हणतात. आणि याचा डेटाबेस साधासुधा नव्हता, नोएसक्यूएल म्हणून काहीतरी होता, आणि तोही एका जागी नाही, जागोजाग वाटून ठेवलेला. हे शब्द मी शंभर वेळा ऐकलेत म्हणून लिहिते, शिकून नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचण्यात झालं.

माझ्याकडे होती एक वही. आमच्या महिला मंडळाची स्थळं जुळवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे, आणि सगळ्या मुलामुलींची माहिती त्या वहीत. रकाने आठ: नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी, शेती, अपेक्षा, आणि शेवटचा शेरा. सात रकाने शाईनं, आठवा पेन्सिलीनं. हा माझ्या सासूबाईंचा नेम. त्या म्हणायच्या, माणसाबद्दलचं मत पेन्सिलीनंच लिहावं. माणूस बदलतं, नाहीतर आपण बदलतो, खोडता आलं पाहिजे. एक दिवस या पठ्ठ्यानं ती वही पाहिली. कडा उंदरानं कुरतडलेल्या. मला म्हणाला, "वहिनी, ही वही एकच आहे?"

"मग काय सात असतात?"

तो कपाळाला हात लावून पाटावर बसला. "म्हणजे अख्ख्या मंडळाची लग्नं एका उंदराच्या मर्जीवर?"

त्या दिवसापासून त्यानं माझ्या वहीची वेबसाइट करायचं घेतलं. पहिली भानगड रकान्यांवरून झाली. तो म्हणाला रकाने नकोत, मी म्हटलं रकान्यांशिवाय वही म्हणजे धोबीघाट. तेव्हा त्यानं माझा मिसळणाचा डबा पुढं ओढला. "यात वाट्या सात. आठवी वस्तू आली तर ठेवणार कुठं? आणि मेथ्या संपल्या तरी मेथ्यांची वाटी रिकामी बाळगायचीच." मग खुंटीवरची बाजाराची पिशवी काढली. "यात कधी भाजी, कधी कुलूप, कधी आईच्या गोळ्या. तरी पिशवी ती पिशवीच. आपण प्रत्येक माणसाची एक पिशवी करू. ज्याच्याजवळ जे असेल ते त्यात." मी म्हटलं, बरं बाबा, कर तुझ्या पिशव्या. आणि काय सांगू, पिशव्या भरायला लागल्या तसं माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी माणसांची उंचीच लिहीत आले होते. जिंतूरच्या एका मुलीनं लिहिलं, "पहिला संसार दोन महिन्यांत मोडला. मी निघून आले. परत तशी वेळ आली तर परत निघून येईन." माझ्या वहीत तिच्यासाठी एकच शब्द होता, तो मी इथं लिहीत नाही. एका पोरानं लिहिलं की त्याचे बैल नावानं हाक मारली की येतात. पालमच्या एका मुलीनं लिहिलं, "शिट्टी वाजवता येते. आई रागावते. बंद करणार नाही." सगळ्यांत शेवटी यानं स्वतःची पिशवी भरली. "भाजी निवडता येते. पोहता येत नाही. झोपेत बोलतो, असं आई म्हणते. आई पूर्णेतच राहणार, म्हणून मीही." उंची लिहायची विसरला.

या पिशव्या ठेवायच्या कुठं, तर अर्थात तीन ठिकाणी. कंपनीनं काढून टाकलेले तीन जुने संगणक त्यानं आणले. एक माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी. एक पालमला माझ्या मावसबहिणीच्या बांगड्यांच्या दुकानात. आणि एक जिंतूरला आमच्या मंडळाच्या निवृत्त मास्तरीणबाईंकडे. मी विचारलं, "अरे, अशी जागा भाड्यानं मिळते म्हणतात ना, परदेशात कुठं तरी?" तो म्हणाला, "मिळते की. पण तिथं आपण कुणाला ओळखतो?" आणि खरं कारण वेगळंच होतं. पूर्णेत लाईट जाते तेव्हा पालमला असते, पालमला जाते तेव्हा जिंतूरला असते. तिन्ही गावं एकदम अंधारात गेलेली त्यानं पाहिली नव्हती. तिघांपैकी दोघं जागे असले की काम चालतं. तिसरा उठला की बाकीच्यांना विचारून आपलं राहिलेलं भरून घेतो. आपल्या घरात कुणी गावाहून आलं की कसं, मधल्या बातम्या आधी विचारून घेतं, तसं. मला हे पटलं. खंडेनवमीला मी त्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं.

दुसरी भानगड शेऱ्यावरून. तो शेऱ्याची जागाच ठेवेना. "जे तोंडावर सांगता येत नाही ते लिहायचं कशाला, वहिनी?" मी चिडले. म्हटलं, लोकांच्या लेकीबाळींचा प्रश्न असतो, सांभाळून राहावं लागतं, शेरा पाहिजेच. शेवटी त्यानं ठेवला, पण नियम घालून. शेरा दिसेल फक्त आम्हा तिघींना, यंत्रं सांभाळणाऱ्यांना, आणि आतलं कोठार बघणारा म्हणून त्याला. खाली लिहिणारीचं नाव येईल. आणि जिनं लिहिला तिनंच पुसायचा, दुसऱ्या कुणी नाही. त्यानं स्वतःसुद्धा नाही. हे शेवटचं त्यानंच घातलं. माझा हट्ट शेऱ्याचा होता, हे विसरू नका.

पुसण्याचं त्याचं शास्त्रही निराळं. तीन घरी ठेवलेली गोष्ट नुसती पुसून भागत नाही. आपल्या घरी पुसली आणि दुसऱ्या घरी राहिली, तर ते घर उद्या मायेनं परत आणून देतं. म्हणून पुसलेल्या जागी एक चिठ्ठी लावायची, "गेलं" म्हणून, आणि ती तिन्ही घरी पोचवायची. हे मला समजलं ते त्याची मांजर मेली तेव्हा. ती मांजर तीन घरी जेवायची. त्याच्याकडे तिचं नाव मनी, माझ्याकडे हरणी, आणि कोपऱ्यावरच्या शिंपीचाचांकडे बेगम. मनी गेली तसा हा माझ्याकडे येऊन सांगून गेला की हरणी गेली. मग चाचांकडे गेला, तर चाचा लेकीकडे हिंगोलीला गेलेले. चार दिवस हा रोज जाऊन त्यांच्या कुलपाकडे बघून यायचा. मी म्हटलं, "अरे, मांजरच ती. कळेल त्यांना हळूहळू." तर म्हणाला, "एका घरी सांगायचं राहिलं तर तिथं ती जिवंतच राहते, वहिनी. ते दूध ठेवत राहतात." चाचा आले, त्यांना सांगितलं, तेव्हा कुठं याला जेवण गेलं. मी विचारलं, "आणि तुझ्या यंत्रातली ती चिठ्ठी काय जन्मभर ठेवायची?" म्हणाला, "नाही, दहा दिवस. तेवढ्यात तिन्हीकडे कळतं. मग चिठ्ठी काढून टाकायची, नाहीतर घर चिठ्ठ्यांनीच भरेल."

"म्हणजे सुतक की रे."

तो उडालाच. "वहिनी! हे मला पुण्यात कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं."

"आणि दहाव्यानंतर कळलं तर?"

"तर घोटाळा," तो म्हणाला. "पण तोवर यंत्रं जागी होतातच."

आता मी माझ्या गोष्टीकडे येते. यायला नको वाटतं, म्हणून मांजरीची सांगत बसले.

श्रावणातल्या शुक्रवारी माझ्याकडे मंडळाच्या बायका जेवायला होत्या. खिरीला चार लिटर दूध पाहिजे होतं. मी याला म्हटलं, जाता जाता गवळ्याला सांग. यानं तीन गवळ्यांना सांगितलं. एखादा विसरला तर घोळ नको म्हणून. त्या दिवशी नेमका कुणीच विसरला नाही. बारा लिटर दूध! पातेली भरली, कळशी भरली, पूजेचा तांब्या भरला, शेवटी बादली घासून घेतली. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "ताई, डेअरी टाकली का हो?" दुसरी म्हणाली, "नणंदेच्या दिराचा पाहुणचार हाय बाई, तीनदा जेवावं लागंल." मी वरून हसले, आतून जळून कोळसा. बायका गेल्या तशी तणतणत पिठाच्या डब्याशेजारी बसले, त्याची पिशवी उघडली, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: "मुलगा सज्जन, पण डोक्यानं सैल. मुलगी देणाऱ्यानं विचार करावा." आणि बटण दाबलं. मला वाटलं, पेन्सिलच आहे.

पुसला नाही मी तो लगेच. दूध विसरले आणि शेराही विसरले. गणपती बसले त्या दिवशी त्याची आई भिंतीला धरत धरत माझ्या दारात आली. तीन घरांचं अंतर यायला तिला किती वेळ लागला असेल देव जाणे. म्हणाली, "तुझ्या वहीत याचं नाव हाय ना गं?"

"हाय की, मावशी."

"मग मला घोर न्हाई. तू बघशील."

तिला दारापर्यंत पोचवून आले आणि आधी यंत्रासमोर बसले. शेरा पुसला. डोळ्यांदेखत गेला. मी सुस्कारा सोडला आणि मोदकाचं सारण ढवळायला घेतलं.

पण त्याच्या दोन दिवस आधीच पालमला माझ्या मावसबहिणीनं दुकानात गणपतीची रोषणाई करायला यंत्राचा प्लग काढला होता. गणपती गेले, रोषणाई उतरली, प्लग तसाच राहिला. काम अडलं नाही, कारण पूर्णा आणि जिंतूर जागे होते, आणि दोघं जागे असले की कुणाला काही कळत नाही. घट बसायच्या आधी दुकान झाडताना तिला यंत्र दिसलं, तेव्हा तिनं लावलं. माझ्या चिठ्ठीचे दहा दिवस कधीच सरले होते. पालमचं यंत्र जागं झालं, त्यानं बघितलं की आपल्याकडे एक शेरा आहे आणि या दोघांकडे नाही. त्याला वाटलं, बिचाऱ्यांना कळलंच नाही वाटतं. आणि त्यानं चांगल्या मनानं तो दोघांनाही देऊन टाकला.

मला यातलं काही माहीत नाही. त्याची पिशवी मी परत उघडली नाही. तोंडपाठ माणसाची पिशवी काय उघडायची? मी मात्र दारोदार त्याचं कौतुक करत फिरायची. लोक यायचे, ऐकायचे, खूश होऊन जायचे, मग जिंतूरला किंवा पालमला चौकशी करायचे आणि गप्प व्हायचे. जुळवणाऱ्या बाईला खरं कारण कुणी सांगत नाही, ती एक रीतच आहे. एक म्हणाले पत्रिका जमेना, एक म्हणाले मुलीला पुणंच पाहिजे. पालमची ती शिट्टीवाली, तिचं तर मला वाटलं झालंच. तिनं त्याची पिशवी वाचून विचारलं होतं म्हणे, झोपेत काय बोलतो? एवढं विचारणारी मुलगी नाही म्हणत नसते. पण तिच्या घरूनही निरोप आला, तूर्त विचार नाही. मी त्याच्यावरच उखडले. "तुझ्या या तीन-तीन वेडानं कुणी पोरगी देईना बघ! माणसासारखा एक चष्मा घाल, एका गवळ्याला सांग!" तो भाजी निवडत बसला होता. मान खाली. म्हणाला, "असेल, वहिनी." हे मी त्याला एकदा नाही म्हटलं. किती वेळा म्हटलं ते मोजायची मला हिंमत नाही.

अशी काही वर्षं गेली, आणि गेल्या माघात त्याची आई गेली. जो माणूस समोर उभ्या गाडीची तिघांकडून खात्री करायचा, त्यानं त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही.

उन्हाळ्यात मी पालमला निघाले होते, मावसबहिणीच्या नातवाच्या जावळाला. एसटीत शेजारी येऊन बसली ती शिट्टीवालीची आई. मी विचारलं, लेक कुठं असते? म्हणाली, "दिली की औंढ्याला. बरं हाय." मला राहवलं नाही. म्हटलं, "बरं झालं. आमचा तेवढा सोन्यासारखा पोरगा नाकारलात."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "ताई, कमाल करायलाव तुमी. आमी कुठं नाकारलं? तुमीच नाकारलं की."

"मी?"

"बांगड्याच्या दुकानात वाचून दाखवलं आमाला. डोक्यानं सैल हाय म्हणून. खाली तुमचं नाव. पोरगी आठ दिस नीट जेवली न्हाई. म्हणायली, सैल असला तर असू दे, मी बी शिट्टी वाजवते. पर तिचे वडील ऐकंनात. म्हणले, पूर्णेच्या ताईनं लिवलंय, म्हंजी दगडावरली रेघ."

बस पालमला थांबली तरी मला उठता येईना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आलं गाव." मी जावळाच्या घरी न जाता आधी दुकानात गेले. मावसबहिणीनं यंत्र उघडून दाखवलं. होता. जसाच्या तसा, खाली माझं नाव. मी ओरडले, "अगं, मग मला विचारायचं नाही?" ती गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी भरत होती, तशीच म्हणाली, "तुलाच काय विचारायचं, अक्का? तू लिहिलंस की. मला वाटलं, तोंडावर गोड बोलायलीस अन् आत खरं लिहायलीस. समदेच करतात." ती टोचून बोलली नाही. साधं बोलली. म्हणून जास्त लागलं.

पूर्णेला उतरले ती थेट तिसऱ्या दारात. तो ओसरीवर बसून कंपनीचं काम करत होता. मी उभ्या उभ्या विचारलं, "तुला तो शेरा माहीत होता?"

"कुठला?" म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून, "हो."

"कधीपासून?"

"श्रावणापासूनच."

"अरे, मग पुसायचा नाहीस?"

"ज्यानं लिहिला त्यानंच पुसायचा. माझाच नियम."

"पण मी पुसला होता रे! गणपतीच्या दिवशी!"

"तेही दिसलं होतं," तो म्हणाला. "घट बसायच्या वेळी परत आला तेव्हा मला वाटलं, तुम्ही विचार करून परत लिहिला. रागात लिहिलेलं माणूस पुसतो. विचार करून लिहिलेलं खरं असतं."

मी त्याच्या आईच्या रिकाम्या पाटावर बसले. म्हटलं, "जगातली एकेक गोष्ट तिघांना विचारतोस. मला एकदा विचारायचं होतंस."

तो चष्मा पुसत राहिला. "तुमच्याकडे तेच होतं, पालमला तेच होतं, जिंतूरला तेच होतं. तिन्हीकडे जुळल्यावर विचारणार काय, वहिनी?" मग म्हणाला, "लिहिल्याची वेळ बघितली असती तर कळलं असतं, जुनाच आहे म्हणून. दुसऱ्या कुणाचा असता तर पहिली तीच बघितली असती. ती बघायचा धीर झाला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं पालमला आणि जिंतूरला फोन करून यंत्रं चालू आहेत याची तीन-तीनदा खात्री केली. मग मला बसवलं. "तुमचा आहे, तुम्हीच पुसा." मी पुसला. पुढचे दहा दिवस मी रोज सकाळी मावसबहिणीला फोन करायची, "प्लग हाय का?" आणि ती म्हणायची, "हाय बाई, हाय. पंखा बंद करून तुझं यंत्र लावलंय, घामानं भिजायलोय आम्ही." यंत्रांना चिठ्ठी पोचली. पण माणसांना कोण सांगणार? मला ते चाचांचं कुलूप आठवलं. मी जिंतूरच्या बाईंकडे गेले, कोणी कोणी चौकशी केली होती त्यांची नावं घेतली, आणि एसटीनं एकेका घरी गेले. दारात उभी राहून सांगितलं, तो शेरा खोटा होता, रागात लिहिला होता, चूक माझी. सगळ्यांनी चहा दिला. एक म्हातारे म्हणाले, "असू द्या ताई, आता काय." सगळ्या घरी लेकींची लग्नं होऊन गेलेली. एका घरी तर मला नात दाखवायला आणली. एक घर मात्र राहिलंच. त्या घरी जायला मला तिसऱ्या दाराच्या पुढं जायला नको होतं, आणि तिथलं माणूस माघातच गेलं. मी बघीन, असं तिला मी सांगितलं होतं. तिला कुठल्या एसटीनं जाऊन सांगू?

मी त्याला म्हटलं, ती शेऱ्याची जागाच काढून टाक. त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, "राहू द्या. रिकामी आहे, तर तुम्हीच काहीतरी लिहा." मी विचारलं, किती मावतं त्यात? म्हणाला, "पिशवीला माप नसतं, वहिनी." म्हणून हे सगळं लिहिलं. चष्म्यांचं, वसमतच्या शेंगांचं, मांजरीचं, बारा लिटर दुधाचं. त्या एका ओळीच्या जागी जे लिहायला पाहिजे होतं ते हे आहे, आणि लिहायला मला इतकी वर्षं लागली. आधी वहीत पेन्सिलीनं लिहिलं, मग शाईनं गिरवलं, मग एका बोटानं यंत्रात टाकलं, त्याला चार दिवस गेले.

टाकायला म्हणून त्याची पिशवी उघडली तेव्हा तिच्यात एक ओळ दिसली, जी मी कधी वाचली नव्हती. पोहता येत नाही, याच्या खाली. "शिट्टी शिकतोय." पालमचं स्थळ चालू होतं तेव्हाची. ती त्यानं पुसलेली नाही.

आज संध्याकाळी बटण दाबलं. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "पूर्णेत बसलं. जिंतूरला पोचलं. पालमला लाईट नाही, आली की पोचेल." वाचणार का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. फळीवरचा चष्मा घेतला आणि आपल्या गच्चीवर गेला. तिथून आता फुंकरीचा आवाज येतोय. नुसता वारा, मध्येच एखादा सूर लागतो आणि तुटतो. दिवेलागणीची वेळ झालीय. मी पिठाच्या डब्याशेजारी बसलेय, पालमची लाईट येईपर्यंत.